जानेवारीत जळालेली लॉन आणि वरच्या मजल्याची खिडकी

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला जे समजलं ते आधी लिहितो, काही चुकलं असेल तर सांगा. धुळ्यात देवपूरला घर, पुढे दक्षिणेला अंगण, तिथे दीड वर्षापूर्वी आर्टिफिशियल लॉन टाकली. मागचा अख्खा मे महिना तिने काढला, काही झालं नाही. दिवाळीआधी वरचा मजला बांधला, त्याला अंगणाकडे तोंड करून दोन मोठ्या खिडक्या, काच डबलची, पुण्याहून तयार होऊन आलेली. आणि संक्रांतीच्या सुमाराला लॉनवर पाच-सहा फूट लांब, वीतभर रुंद असा पट्टा दिसला, पाती आखडून एकमेकांना चिकटलेली, हात लावला तर खरखरीत. लॉनवाला म्हणतो "खान्देशचं ऊन आहे, प्लास्टिक आहे, वितळणारच". तुम्ही विचारताय की महागातली जाड लॉन टाकू का, की दुपारी पाणी मारत जाऊ.

दोन्ही नको. निदान आत्ता तरी नको.

मी जळगावला असतो, बारा-तेरा वर्षं लॉन बसवतोय, जळगाव, भुसावळ, धुळे, कधी शहाद्यापर्यंत. त्याच्या आधी आठ वर्षं अॅल्युमिनियम सेक्शनच्या खिडक्या केल्या, म्हणून हे दुखणं मला दोन्ही बाजूंनी माहिती आहे, काचेकडूनही आणि गवताकडूनही. तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही असंच ओघात लिहून गेलात, की मे महिन्यात काही झालं नाही. बघा ना, जी लॉन चव्वेचाळीस-पंचेचाळीस अंशात टिकली ती जानेवारीत, स्वेटर घालायच्या दिवसात, नुसत्या उन्हाने कशी वितळेल? ऊन तर अख्ख्या अंगणावर सारखंच पडतं, मग जळाला फक्त पट्टा कसा काय? लॉनवाला खोटं बोलत असेल असं नाही, त्याला ठाऊक नसेल. मलाही नव्हतं.

माझी पहिली केस सांगतो म्हणजे पुढचं सगळं लवकर कळेल. चोपड्याकडचं एक घर, मोठा ओटा आणि पुढे लॉन. तक्रार आली की लॉन वितळली. मी जाऊन बघितलं, वाटलं रोल खराब आला, तुकडा कापून नवीन बसवून दिला, फुकट. वर्षाने परत तिथेच. परत बसवला, परत फुकट, मनात कंपनीला शिव्या. तिसऱ्यांदा फेब्रुवारीच्या शेवटी गेलो तर घरातल्या आजीबाई बिबड्या (ज्वारीचे पापड) वाळत घालत होत्या. बाकी ओटा मोकळा, पण त्यांनी कापड अंथरलं होतं ते बरोबर लॉनच्या त्या जळक्या कोपऱ्याला लागून. मी म्हटलं आजी, इथे का, तिकडे ओट्यावर घाला की. तर म्हणे, "आठे लवकर वाळतस ना भो." (इथे लवकर वाळतात ना भाऊ.) अन् मी तिथे उभा राहिलो तर पायाला चटका जाणवला. वर बघितलं तर समोरच्या नवीन बंगल्याची काच. आजीबाईंना ते बऱ्याच दिवसांपासून ठाऊक होतं, फक्त त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

तर तुमचा जो पट्टा आहे तो कवडशाचा माग आहे. खिडकीच्या काचेवरून ऊन परतून लॉनवर पडतं, आणि सूर्य जसा सरकतो तसा तो कवडसा लॉनवरून सरकत जातो. म्हणून गोल डाग न पडता पट्टा पडतो, बऱ्याचदा किंचित वाकडा, कमानीसारखा. आता नुसता परतलेला कवडसा असेल तर तो लॉन जाळू शकत नाही. साधी एकेरी काच समोरून आलेल्या उन्हापैकी शंभरातले आठेक भाग परत फेकते, ऊन जितकं तिरकं तितकं जास्त, आणि रिफ्लेक्टिव्ह काच असेल तर बरंच जास्त. पण काच सपाट आहे तोवर ते ऊन पसरलेलंच राहतं, एकवटत नाही. खरा घोळ काच खोलगट झाली की सुरू होतो.

डबल काचेत दोन तावदानांच्या मध्ये हवा किंवा गॅस असतो आणि चारी बाजूंनी सील केलेलं असतं. ज्या दिवशी, ज्या गावी सील केलं तिथली हवा आत कायमची अडकली. आता ती काच थंडीत नेली की आतली हवा आकसते आणि दोन्ही तावदानं मधोमध आत ओढली जातात. डोळ्याला दिसत नाही, मधोमध दोन-चार मिलिमीटरच पोट आत गेलेलं असतं. पण बाहेरून ती काच झाली अंतर्गोल आरसा, आपण शाळेत भिंगाने कागद जाळायचो त्यातलाच प्रकार, फक्त भिंगाऐवजी आरसा.

आणि इथे एक गंमत आहे जी मला खिडक्यांच्या धंद्यात एका जुन्या कारागिराने सांगितली होती. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, आपलं धुळं अडीचशेच्या आसपास, आमचं जळगाव त्याहून खाली, २०९ मीटर. उंचावर हवेचा दाब कमी असतो. पुण्यात सील केलेली काच खाली आपल्याकडे उतरवली की बाहेरचा दाब जास्त, आतला कमी, म्हणजे काच घरी पोचायच्या आधीच आत दबलेली. तीनशे मीटरच्या फरकाने काचेवर जो परिणाम होतो तो साधारण दहा अंश थंडी पडल्याइतका होतो. म्हणजे पुण्याची काच धुळ्यात जरा जास्तच "थंडीत" असते, त्यात जानेवारीत धुळ्याचा पारा पहाटे सहा-सातावर उतरतो, मग काय. घाटावरून येणाऱ्या काचेला काही कारखाने बारीक नळी ठेवतात दाब सारखा करायला, पण आपल्याकडे किती जण ते मागतात? मी तरी एकही मागणारा पाहिला नाही.

उलट मेमध्ये आतली हवा फुगते, बाहेरचं तावदान बाहेर फुगतं, आणि कवडसा एकवटायच्या ऐवजी फाकतो. (पूर्ण निर्धास्त होऊ नका, कारण तेव्हा आतलं तावदान खोलीच्या बाजूला फुगतं आणि बाहेरून बघितलं तर ते खोलगटच असतं, त्याच्यावर लो-ई कोटिंग असेल तर उन्हाळ्यातही झोत बनू शकतो. पण माझ्याकडे आल्या त्यातल्या जास्त केसेस हिवाळ्याच्या.) लो-ई म्हणजे काचेवर चांदीचा अगदी पातळ थर असतो, उष्णता परत फेकायला. घर थंड राहतं, चांगलीच गोष्ट आहे, फक्त परत फेकलेली उष्णता कुठेतरी जातेच ना, ती तुमच्या अंगणात गेली.

तिसरं कारण सूर्याचं. आपण साधारण २१ अक्षांशावर. मेच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीला दीड-दोन फुटाचा छज्जा असला तरी काचेवर ऊनच येत नाही, कवडसा पडणार कुठून. जानेवारीत मात्र सूर्य भर दुपारीही पन्नास अंशाच्या खालीच असतो, छज्जाच्या खालून सरळ काचेवर, आणि तिथून खाली लॉनवर. काचेचा मध्य जमिनीपासून बारा फुटावर धरला तर जानेवारीत दुपारी साडेबारा-पाऊणला कवडसा भिंतीपासून दहा-अकरा फुटावर पडतो. तुमचा पट्टा भिंतीपासून किती लांब आहे ते लिहिलं नाहीत, पण दहा ते पंधरा फुटात असेल तर माझा अंदाज पक्का समजा.

म्हणजे थंड काच, पुण्याची काच आणि तिरका सूर्य, तिन्ही एकदम जमून आलं ते संक्रांतीला. लॉन बिचारी फक्त खाली होती.

आता लॉनचं सांगतो. वरची हिरवी पाती असतात ती बहुतेक पॉलिएथिलीनची, म्हणजे पिशव्या, डबे यांच्याच जातीची. ती ११० ते १३० अंशाच्या दरम्यान वितळते, पण ऐंशी-नव्वदलाच मऊ पडून आखडायला लागते. खाली जी करडी, कुरळी, वाळक्या गवतासारखी असते ती पॉलिप्रॉपिलीनची, आमच्या जळगावच्या एमआयडीसीत चटया बनतात त्याच प्लास्टिकची, ती १६० च्या आसपास वितळते. हे कशाला सांगतोय, तर तुम्ही आत्ता अंगणात जाऊन जळलेल्या पट्ट्यात बोटांनी पाती बाजूला करून बघा. हिरवी पाती आखडलीत आणि खालची करडी कुरळी जशीच्या तशी आहे, असं दिसलं तर तो कवडसाच, कारण फटाका किंवा निखारा असता तर तो खालीपर्यंत भोक पाडून गेला असता, काळा गोल डाग पडला असता. दिवाळीनंतर मला दरवर्षी "लॉन वितळली" म्हणून फोन येतात, त्यातले निम्मे भुईचक्राचे असतात. आणि नुसती बसलेली पाती असतील, खुर्चीखाली किंवा पायवाटेवर, तर उलट्या दिशेने झाडूने झाडलं की उभी राहतात, आखडलेली राहत नाहीत. ज्या लॉनची पाती हातात भुगा होतात ती उन्हातल्या युव्हीने, म्हणजे अतिनील किरणांनी मेलेली, ते वेगळं दुखणं, ते सगळ्या अंगणात सारखं दिसतं.

आमच्याकडे इन्फ्रारेडची तापमापी गन असते. मेमध्ये दुपारी दोनला लॉनवर धरली तर मला नेहमी पासष्ट-सत्तरच्या आसपास दाखवते, अनवाणी चालवत नाही, पण पॉलिएथिलीन तेवढं सोसते. म्हणूनच तुमची लॉन मे काढू शकली. त्या चोपड्याच्या घरी फेब्रुवारीत, बाजूची लॉन पंचेचाळीस दाखवत असताना कवडशात मी ९६ बघितले होते. आणि मला खात्री आहे की मी सगळ्यात गरम क्षण पकडला नव्हता.

आता काय करायचं. आधी खिडकी नक्की करा, अंदाजाने पैसे घालू नका. एक मोठा पांढरा पुठ्ठा किंवा थर्मोकोलचं शीट घ्या, ऊन असलेल्या दिवशी सकाळी दहापासून चारपर्यंत दर अर्ध्या तासाला जळक्या पट्ट्यावर ठेवून फोटो काढा. पुठ्ठ्यावर चकचकीत तुकडा दिसेल, कधी चौकोनी, कधी एक्स सारखा, कधी नुसती उजळ रेघ. मग कोणाला तरी वर पाठवून एकेका खिडकीवर बाहेरून चादर धरायला सांगा. ज्या चादरीने पुठ्ठ्यावरचा तुकडा गेला ती खिडकी गुन्हेगार. एक सांगतो, कवडसा कुठून येतोय ते बघायला त्या जागेवर डोकं ठेवून काचेकडे बघू नका. लोक बघतात. मीही एकदा बघितलं, संध्याकाळपर्यंत डोळ्यापुढे हिरवा ठिपका होता. डोळ्याशी खेळ नको.

आणि समोरच्या घराच्या खिडक्याही धरा बरं का. लोकांना वाटतं जवळची काच जास्त जाळते, तसं नसतं. खोलगटपणा थोडा असेल तर ऊन लांब जाऊन एका जागी जमतं, तीस-चाळीस फुटांपासून शंभर फुटांपर्यंतही. म्हणून कधीकधी तुमची स्वतःची खिडकी निर्दोष आणि गल्लीच्या पलीकडची काच अपराधी निघते. अशा वेळी भांडायला जाऊ नका. चोपड्याच्या त्या घरमालकाने काय केलं, समोरच्यांना चहाला बोलावलं, पुठ्ठ्यावरचा कवडसा दाखवला, आणि म्हणाला जाळीचा खर्च माझा, फक्त लावू द्या. त्यांनी लावू दिली, वर म्हणाले आमच्याकडे डासही कमी झाले. तोच माणूस आधी "तुमच्या काचेने माझं नुकसान केलं" म्हणून गेला असता तर आजही कोर्टात असता.

एकदा काच सापडली की उपाय काचेच्या बाहेरून करायचा, कवडसा बनायच्या आधी. हे वाक्य लक्षात ठेवा कारण इथेच सगळे चुकतात. आतून पडदा लावला, काही फायदा नाही, ऊन बाहेरच्या बाहेर परत गेलेलं असतं. आतून सनफिल्म लावली तर फायदा तर नाहीच, चकचकीत फिल्म असेल तर कवडसा वाढतो, शिवाय डबल काचेवर आतून फिल्म लावली तर काच जास्त तापून तडकू शकते. हे मी अमळनेरला एका ग्राहकाच्या पैशाने शिकलोय, तो अजून मला फोन करतो, सणासुदीला, ओळख म्हणून.

सगळ्यात स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे पूर्ण खिडकीवर बाहेरून बारीक जाळी, मच्छरदाणीची फायबरची चालते. काळी किंवा करडी घ्या. जाळी ऊन जाताना एकदा अडवते, परतताना परत एकदा अडवते, आणि जे उरतं ते विस्कटून टाकतं. सरकत्या खिडकीला जाळीचं शटर असतं पण ते अर्धीच खिडकी झाकतं आणि बऱ्याचदा आतल्या ट्रॅकवर असतं, त्याचा उपयोग नाही. पूर्ण फ्रेमवर बाहेरून, वेल्क्रोने किंवा स्क्रूच्या फ्रेमने. आतून बाहेरचं दिसतं, हवा येते, आणि घरही थोडं थंड राहतं.

जाळी नको असेल, घराचं एलिव्हेशन बिघडतं असं मिस्टर म्हणत असतील (बऱ्याच घरी म्हणतात) तर बाहेरून लावायची बारीक भोकांची फिल्म मिळते, बसच्या काचांवर जाहिरातीची असते तशी, लांबून एकसारखी दिसते आणि तिच्यावरून ऊन चकाकत नाही. पाच-सहा वर्षांत बदलावी लागते. छज्जा वाढवता आला तर उत्तमच, पण जानेवारीच्या तिरक्या उन्हाला दोन फुटाचा छज्जा पुरत नाही हे वर सांगितलंच. बांबूची चिक बाहेरून सोडली तर दिसायलाही छान, डिसेंबर ते फेब्रुवारी सकाळी सोडायची, चारला गुंडाळायची. पण रोज कोण करतं? पहिले आठ दिवस करतात. तुम्ही शिस्तीच्या असाल तर चिक घ्या, नाहीतर जाळी.

काच बदलायचा विचार आत्ता करू नका, खर्च खूप आणि नवीन काच परत घाटावरूनच आली तर परत तेच. पुढे कधी घेतलीच तर काचवाल्याला स्पष्ट विचारा की माल कुठे सील होणार आणि दाब सारखा करायची सोय आहे का.

खिडकीला हातच लावता येत नसेल, भाड्याचं घर असेल किंवा समोरचे ऐकत नसतील, तर मग खालून उपाय. कवडशाचा माग तुम्हाला पुठ्ठ्याने कळलेलाच आहे, तेवढ्या पट्ट्यातली लॉन काढून तिथे शहाबादी फरशी किंवा गोटे टाका, वाट केल्यासारखं दिसतं आणि दगडाला काही होत नाही. किंवा मोठ्या कुंड्या ठेवा. कुंड्यांमध्ये मात्र नाजूक झाड नको, त्याचीही पानं करपतात, बोगनवेल चालते. मांडव करून त्यावर मधुमालती सोडली तर दोन वर्षांत प्रश्न संपतो पण दोन वर्षं थांबावं लागतं, तोवर वर हिरवी शेडनेट.

शेडनेटवरून आठवलं, तुम्ही आजच्या आज करण्यासारखं एकच काम आहे. कोणत्याही शेतीच्या दुकानातून शेडनेटचा तुकडा आणा, केळीच्या रोपांना किंवा नर्सरीला लावतात ती, आणि तो खिडकीवर बाहेरून बांधून टाका. दिसायला वाईट दिसेल, दिसू द्या. दोन-चारशे रुपयात नुकसान थांबतं आणि खरा उपाय शांतपणे ठरवता येतो. फेब्रुवारी अजून जायचाय.

आता तुमचे दोन प्रश्न. पाणी मारण्याबद्दल, पाण्याने लॉन थंड होते हे खरं, मेमध्ये मुलांना खेळायचं असेल तर मारा, पण वीसेक मिनिटांत उडून जातं आणि परत तेवढीच तापते. कवडसा तर तास-दीड तास फिरत असतो, तुम्ही नळी घेऊन त्याच्या मागे फिरणार का? शिवाय आपल्याकडे नळाला पाणी किती दिवसाआड येतं ते मी तुम्हाला सांगायला नको. महाग लॉनबद्दल, जाडी वाढल्याने वितळायचं तापमान बदलत नाही, ३५ एमएमची पाती आणि ५० एमएमची पाती एकाच प्लास्टिकची. उलट लांब पाती आडवी पडतात. नायलॉनची लॉन मिळते, नायलॉन दोनशेच्या वर वितळतं, ती टिकेल, पण महाग आहे आणि पायाला टोचते, घरच्या अंगणात मुलं लोळतात तिथे मी ती टाकायला सांगणार नाही. "कूल टेक्नॉलॉजी" वगैरे लिहिलेल्या लॉनने साध्या उन्हात थोडा फरक पडत असेल, एकवटलेल्या झोतापुढे नाही. आणि युव्ही गॅरंटीचा यात काही संबंध नाही, युव्ही गॅरंटी म्हणजे रंग उडणार नाही आणि पाती भुगा होणार नाहीत एवढंच. गॅरंटी कार्ड काढून बारीक अक्षरं वाचा, परावर्तित उष्णतेने झालेलं नुकसान बहुतेक जण त्यातून वगळतात. म्हणून लॉनवाल्याशी भांडण्यात वेळ घालवू नका, तुकड्यासाठी मात्र त्याला गोड बोलून धरा, त्याच्याकडे तुमच्याच रोलचा उरलेला माल असू शकतो.

इथे एक कबुली. माझं हे सगळं तुमची काच डबल आहे आणि खिडक्या दक्षिणेला आहेत यावर उभं आहे. पश्चिमेच्या खिडक्या असत्या तर गोष्ट वेगळी झाली असती. हायवेवर एका हॉटेलचं काम होतं, एल आकाराची इमारत, साधी एकेरी रिफ्लेक्टिव्ह काच, आतल्या कोपऱ्यात लॉन. तिथे खोलगट काच वगैरे काही नव्हतं, पण एप्रिल-मेमध्ये दुपारी तीन ते साडेचार दोन्ही बाजूंच्या काचांचे कवडसे एकाच कोपऱ्यात एकावर एक पडायचे, वर थेट ऊन, वर पंचेचाळीसची हवा. लॉन आधीच सत्तरला, त्यात दहा-वीस अंशाची भर, झाली मऊ. तिथे पट्टा नव्हता, पूर्ण कोपरा मळकट चपटा झाला होता. त्यांना मी त्या कोपऱ्यातून लॉन काढूनच टाकायला लावली आणि फरशी करून तिथे पाण्याचा रांजण ठेवला, आता लोक तिथेच उभं राहून फोटो काढतात. आणि मे-जूनमध्ये सूर्य सकाळ-संध्याकाळ थोडा उत्तरेकडे असतो, म्हणून आपल्याकडे उत्तरेची काचही तेव्हा तिरकं ऊन फेकते, हे खूप जणांच्या डोक्यातच नसतं.

हा प्रकार फक्त आपल्याकडचा नाही, आणि फक्त गवताचाही नाही. लंडनला २०१३ साली "वॉकी टॉकी" नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंच इमारतीचा खोलगट काचेचा दर्शनी भाग होता, खाली रस्त्यावर उभ्या गाडीचे भाग वितळले. त्यांनी नंतर इमारतीलाच बाहेरून ऊन अडवणाऱ्या आडव्या पट्ट्या बसवल्या. अमेरिकेत लॉस एंजेलिसला डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या चकचकीत स्टीलच्या पत्र्यांनी शेजारच्या घरात ऊन फेकलं, तर ते पत्रे घासून मंद केले. दोन्ही ठिकाणी आरशाला हात लावला, ज्यांच्यावर ऊन पडत होतं त्यांना गाडी हलवा, घर हलवा असं सांगत बसले नाहीत.

दुरुस्ती शेवटी करा. आधी खिडकीचं काम, मग एक आठवडा पुठ्ठा ठेवून खात्री, मगच तुकडा. आखडलेली पाती परत सरळ होत नाहीत, कोणी ड्रायर किंवा इस्त्री सुचवली तर हसून सोडून द्या. जळक्या भागापेक्षा दोन-दोन इंच मोठा चौकोन मागच्या बाजूने, धारदार कटरने, शिवणीच्या दोन ओळींच्या मधून कापायचा. वरून कापला की पाती तुटतात आणि जोड दिसतो. नवीन तुकड्याच्या पात्यांचा कल जुन्यासारखाच हवा, उलटा बसला तर रंग वेगळा वाटतो, लांबून ठिगळ ओळखू येतं. खाली सीमिंग टेप (जोडाखाली घालायची पट्टी), त्यावर लॉनचा गोंद, वरून विटा ठेवून एक रात्र. नवीन रोलचा तुकडा थोडा जास्त हिरवा दिसेलच. तो नको असेल तर माझी युक्ती सांगतो, मागच्या बाजूला कुंड्यांखाली जिथे कोणी बघत नाही तिथला जुना तुकडा काढून पुढे लावा आणि नवीन तुकडा तिथे मागे.

आता तुम्ही मला दोन गोष्टी कळवा. रात्री खोलीतला दिवा बंद करून काचेसमोर मोबाईलचा टॉर्च धरा, काचेत टॉर्चची किती प्रतिबिंबं दिसतात ते मोजा. डबल काच असेल तर चार दिसतील, त्यातलं एखादं वेगळ्या रंगाचं, जांभळट किंवा हिरवट दिसलं तर लो-ई आहे, आणि वेगळं दिसणारं बाहेरून धरून कितवं तेही लिहा, त्यावरून कोटिंग कोणत्या तावदानावर आहे ते सांगता येतं. दुसरं, पट्टा भिंतीपासून किती फुटावर सुरू होतो आणि कुठे संपतो ते टेपने मोजून टाका, सोबत पुठ्ठ्याचे फोटो, वेळ लिहून. जाळी किती उंचीपासून किती उंचीपर्यंत पुरेल ते मग मी इथूनच सांगतो, धुळ्याला यायची गरज नाही.